काचपेटीतला पाहुणा

सांगलीच्या वखारभागातील एका जुन्या हळद-व्यापाऱ्याच्या घरी माळ्यावर एक काचेची पेटी तीस वर्षे पडून होती. घरातल्या थोरल्या मुलाने शाळेत असताना हट्ट धरून ती मासे पाळण्यासाठी आणविली होती. पेटी आली, वाळू आली, रंगीत दगडही आले. मासे मात्र कधीच आले नाहीत. "पाण्यातला जीव पाण्यातच बरा," एवढे एकच वाक्य त्याच्या आईने उच्चारले आणि पेटी माळ्यावर गेली. पुढे तिच्यात जुन्या रोजमेळाच्या वह्या, पितळी वजने आणि लग्नपत्रिकांचे गठ्ठे साठत गेले. यंदाच्या आषाढात ती पुन्हा खाली उतरली, ती त्याच मुलाच्या मुलीसाठी. या वेळी आजीला अडविण्याची सवडच मिळाली नाही, कारण ज्यांच्यासाठी पेटी हवी होती ते जीव आधीच घरात जन्मले होते.

गच्चीवरील कुंडीतल्या डाळिंबाची छाटणी करताना सातवीत शिकणाऱ्या नातीला एका काडीवर सुपारीएवढा भुरकट गोळा चिकटलेला दिसला. वाळलेल्या फेसासारखा, हलका, नखाने दाबला तर किंचित दबणारा. तिने ती काडी अभ्यासाच्या टेबलावरील पेल्यात खोचून ठेवली. वाळकी काडी म्हणून कोणी लक्षही दिले नाही. पावसाळा लागल्यानंतर एका सकाळी त्या गोळ्याच्या मधल्या रेषेतून पिवळसर दाणे बाहेर येऊ लागले. एकेक दाणा बारीक धाग्याला लोंबे, तेथेच पहिली कात टाकी आणि पाय मोकळे करून काडीवर चढे. तासाभरात टेबल, वह्या, दिव्याची दांडी सगळीकडे केसासारख्या पायांचे चिमुकले जीव फिरू लागले. आजीला वाटले मुंग्या झाल्या, म्हणून ती मऊ कुंचा आणायला गेली. ती येईपर्यंत नातीने भिंग लावून पाहिले होते. प्रत्येकाने पुढचे दोन पाय छातीशी जोडले होते, वंदना करणाऱ्या श्रावकासारखे. तो प्रार्थना कीटक होता. खंडोबाचा किडा म्हणतात तोच. तिने ऐंशीपर्यंत मोजले आणि पुढे नाद सोडला.

बहुतेक सारी पिल्ले कागदावर घेऊन गच्चीतल्या कुंड्यांमध्ये सोडण्यात आली. नातीला दहा ठेवायची होती, वडील दोनवर अडले होते. सौदा पाचावर तुटला. ती पाचही पिल्ले रात्री एकाच पेटीत ठेवली गेली. सकाळी चार होती. पाचव्याचा एक पाय तेवढा तळाशी सापडला.

या कीटकाला पाळणारे लोक पहिली गोष्ट सांगतात ती हीच: प्रत्येकाला वेगळे घर हवे. भावंड ही कल्पना त्याच्याकडे नाही. जे हलते आणि आपल्याहून लहान आहे ते अन्न. त्याच दिवशी आजीच्या लोणच्याच्या चार काचेच्या बरण्या धुऊन, तोंडाला मलमलचे फडके बांधून अभ्यासाच्या टेबलावर गेल्या. त्या आजतागायत स्वयंपाकघरात परतलेल्या नाहीत.

पेटीची मांडणी हा नातीचा आणि तिच्या वडिलांचा दोन रविवारांचा उद्योग झाला. प्रार्थना कीटक उलटा लोंबकळून कात टाकतो. जुन्या कातडीतून तो खाली सरकत येतो, तेव्हा त्याच्याखाली मोकळी जागा नसेल तर नवे, ओले अंग कशावर तरी आपटते आणि तसेच वाकडे वाळते. म्हणून घराची उंची त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट असावी लागते. रुंदी दुप्पट असली तरी चालते. माशांची पेटी लांबट, दीड फुटाची. तिला आखूड बाजूवर उभी केली की दीड फूट उंची मिळाली आणि उघडे तोंड समोर आले. त्या तोंडावर सुताराने लाकडी चौकट बसवून मच्छरदाणीची जाळी ताणून दिली. तळाशी तीन बोटे उंचीची काचपट्टी चिकटवून तिच्या आत काथ्याचा भुसा पसरला. तो पाणी धरून ठेवतो आणि हवेत हळूहळू सोडतो. दोन तिरक्या काड्या, एका बाजूला घरच्याच मनीप्लांटची फांदी लावलेली वाटी. रोपवाटिकेतून नवे झाड आणले असते तर त्यावर फवारलेले औषध कीटकाला मारू शकले असते. घरची फांदी खात्रीची. पेटी खिडकीजवळ, पण उन्हात नाही, कारण काचेच्या बंद पेटीत ऊन थोड्याच वेळात भट्टी करते.

पाणी द्यायचे ते भांड्यात नव्हे. रोज सकाळी पानांवर आणि काचेवर बारीक फवारा मारायचा. कीटक तोंडाने थेंब टिपतो. या कामाला घरचे गाळलेले, उकळून गार केलेले पाणीच वापरले जाई. त्यात काही विशेष योजना नव्हती, घरात दुसरे पाणी नसतेच. परंतु क्षारांचे डाग काचेवर कमी पडले आणि बुरशीही उशिरा आली, हे नातीने वहीत टिपून ठेवले आहे. सांगलीच्या पावसाळ्यात हवा मुळातच ओली. पहिल्या आठवड्यात भुशावर पांढरे जाळे धरले, तेव्हा फवारा निम्मा केला आणि भुसा बदलला. विष्ठा म्हणजे कोरडे, काळसर दाणे. ते आठवड्यातून एकदा चिमट्याने उचलले की पेटीला वास येत नाही.

उंची मोजली होती, पण छत विसरले होते. चौघांतला सर्वांत मोठा पेटीत गेला आणि चार दिवसांनी छताच्या काचेला लोंबून त्याने कात टाकायला घेतली. गुळगुळीत काचेवर त्याची पकड टिकली नाही. अर्धवट सुटलेल्या कातडीसह तो खाली पडला. मागचे पाय वेडेवाकडे वाळले आणि दोन दिवस तसाच सरपटून तो गेला. आजीने त्याच्याजवळ बसून णमोकार मंत्र म्हटला. मासे नाकारणाऱ्या बाईने एका किड्यापाशी मंत्र म्हणावा, याचे घरात कोणाला आश्चर्य वाटले नाही. मासे नाकारले होते ते याच दिवसाच्या भयाने.

छतासाठी काहीतरी खरखरीत हवे होते. वडील वखारीतून रिकाम्या पोत्याचे बारदान घेऊन आले. आप्पा, म्हणजे नातीचे आजोबा, तोवर या सगळ्यापासून दूर असत. पेपर वाचता वाचता ऐकत, बोलत नसत. त्या दिवशी प्रथमच त्यांनी चष्मा काढून विचारले, "कुठल्या थप्पीचं पोतं?" थप्पी सांगताच ते म्हणाले, "परत ने. त्याला धुरी लागली आहे." हळदीच्या थप्प्यांवर ताडपत्री चढवून आत धुरीच्या गोळ्या ठेवतात, त्यांचा वायू पोत्यापोत्यात शिरतो. हळकुंड पोखरणारा बारीक तपकिरी भुंगेरा त्याने मरतो. कोऱ्या पोत्याचा तुकडा आणून, दोनदा धुऊन, उन्हात वाळवून तो पेटीच्या छताला आतून चिकटविला गेला. दुसरा कीटक पेटीत गेला आणि ज्यूटच्या त्या जाड विणीला त्याचे पाय असे बसले, जणू ती वीण त्याच्यासाठीच केली होती. उरलेले दोन आजीच्या आग्रहावरून गच्चीत सोडले गेले.

पेटीत राहिला तो हिरवा होता, काडीहून काडी. त्याचे डोके सर्व बाजूंना फिरते. माणूस खोलीत आला की मान वळवून पाहतो. डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि पाहणारा जिकडे जाईल तिकडे तो ठिपकाही सरकतो. तो बुबुळ नाही. डोळ्याच्या हजारो भिंगांपैकी जी थेट आपल्याकडे रोखलेली असतात तीच काळी दिसतात. हे माहीत असूनही आप्पांना तो पाहतो आहे असेच वाटे. रात्री तेच डोळे काळेभोर होत. आप्पांना पहाटे चारला जाग येई. सामायिकाला बसण्यापूर्वी ते पेटीवर एक नजर टाकू लागले, मग नजरेची पाच मिनिटे झाली.

नात त्यांना वाचलेले सांगे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रार्थना कीटकांना मेणाने चिमुकले रंगीत चष्मे चिकटविले, पडद्यावर हलती चित्रे दाखविली आणि त्याला खोली दिसते, अंतर कळते हे २०१६ साली प्रसिद्ध केले. "नंतर चष्मा काढला ना?" आजीने आतून विचारले. काढला, असे सांगितल्यावरच तिने पोळी तव्यावर टाकली. दुसऱ्या एका माहितीने मात्र आप्पा विचारात पडले. या कीटकाला कान असतो आणि तो एकच असतो. छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मधोमध, एका चिरेत. वटवाघळाचा माणसाला ऐकू न येणारा आवाज त्याला त्या कानाने कळतो. १९८६ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी हे मांडले.

"पाठशाळेत आम्हाला शिकवलं, माशी, भुंगा हे चतुरिंद्रिय," नात म्हणाली. "त्यांना कान नाही. मग हा कितवा, आप्पा?"

"शास्त्राची आणि प्रयोगशाळेची गाठ घालायला मी पंडित नाही," आप्पा म्हणाले. "चार असोत की पाच, त्याला दुखतं एवढं आपल्याला पुरे."

"चिलटाला किती?"

"चार."

"त्याला पण दुखतं."

आप्पांनी मान हलविली. तो प्रश्न त्यांनीच तिला महिन्यापूर्वी घातला होता.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारले होते, "याला खायला काय देणार?" प्रार्थना कीटक केवळ जिवंत, हलते भक्ष्य खातो. लहान पिल्लांना फळांवरची चिलटे, पुढे माश्या, पतंग, नाकतोडे. बाहेरगावी पाळणारे लोक यासाठी चिलटांची पैदासच करतात किंवा रातकिडे विकत आणतात. या घरात ते बोलायचीही सोय नव्हती. आजीने आपल्या परीने दुसरा मार्ग शोधून पाहिला: केळ्याचा तुकडा, गुळाचे पाणी, दुधात बुडविलेला कापूस. मधाचा थेंब टिपतो असे नातीने वाचले होते, पण ज्या घरात तीन पिढ्या मध आला नाही तेथे तो किड्यासाठी तरी कसा येणार? काही जातींची पिल्ले परागकणही खातात. तेवढ्यावर मात्र ती मोठी होत नाहीत. गुळाच्या पाण्यातले फक्त पाणी त्याने टिपले. केळ्याकडे त्याने पाहिलेही नाही. त्याचे पोट खपाटीला गेले होते. या कीटकाची भूक पोटावरून ओळखतात; खाल्लेला असेल तेव्हा ते टरारून फुगते, उपाशी असेल तेव्हा चपटे दिसते.

मग नातीने तोड काढली. केळ्याची साल पेटीत ठेवली आणि चौकटीच्या कोपऱ्यात जाळी बोटभर सैल सोडली. चिलटे वासाने आपणहून आत येत. तिने कोणाला धरले नव्हते, कोणाला मारले नव्हते. पहिल्या दिवशी पुढच्या पायांचा झटका इतका जलद झाला की तो दिसलाच नाही. दिसले ते फक्त दोन पायांमध्ये अडकलेले पंख आणि शांतपणे चालू झालेले तोंड.

"मी नाही मारलं, आप्पा. ती आपणहून आली."

"बाळ, सापळा लावणाराही हेच म्हणतो," आप्पा म्हणाले. "साल कोणी ठेवली? जाळी कोणी सैल केली? मग त्या चिलटाची रक्कम कुणाच्या खात्यात लिहायची?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "आणि वखारीत धुरी देता, तेव्हा ते भुंगेरे कुणाच्या खात्यात लिहिता?"

घरात असे कोणी आप्पांना विचारले नव्हते. उर्मट म्हणावे असे तिच्या स्वरात काही नव्हते. बारदानाच्या दिवशी धुरीविषयी जे ऐकले होते तेच तिने परत केले होते. आप्पांपाशी उत्तर नव्हते असेही नाही. हिंसेचे चार प्रकार त्यांना पाठ होते: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने पूर्ण सोडायची. संसारात, व्यापारात जी टळत नाही ती यत्नाने कमी करीत जायची. श्रावकाने कोणते धंदे करू नयेत त्या पंधरांच्या यादीत हिंस्र जीव पाळणे येते, हळदीची वखार येत नाही. पुस्तकाप्रमाणे त्यांची बाजू भक्कम होती. पण गोळ्यांची पेटी फोडताना हमालाला "तोंड बांध रे" असे ते स्वतः सांगत. त्या क्षणी हेतू काय असतो, हे त्यांना ठाऊक होते. पुस्तकातले उत्तर बारा वर्षांच्या मुलीला देऊन गप्प करावे, असे त्यांच्या मनाने घेतले नाही.

त्या रात्री ते वडिलांशी, म्हणजे आपल्या मुलाशी, पेवांविषयी बोलत बसले. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपुरात पूर्वी जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवीत. माणूस आत उभा राहून बुडून जाईल अशी खोल, तोंड लहान, पोट मोठे. हळद भरून तोंड लिंपले की आत हवा राहत नाही, आणि हवा नाही तेथे किडा वाढत नाही. वर्षानुवर्षे ठेवलेली हळद पेव उघडल्यावर रंगाने उजळच निघे. उघडल्या उघडल्या आत कोणी उतरत नसे. तोंड काही तास मोकळे ठेवावे लागे, नाहीतर माणूसच गुदमरायचा. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरले, बरीच पेवे गेली आणि माल पक्क्या वखारींत आला. वखारींबरोबर धुरी आली. आप्पांना हे सांगताना प्रथम बरे वाटले. मग ते मध्येच थांबले. पेव लिंपताना पोत्यांबरोबर जे भुंगेरे आत जात असतील, ते गुदमरूनच मरत असणार. फक्त लिंपणाऱ्याला ते दिसत नव्हते.

गुजरातेतल्या काही पांजरपोळांत जीवातखाना नावाची खोली असे. व्यापारी धान्य निवडताना निघालेले किडे, कणी-भुसकटासकट, मारून न टाकता त्या खोलीत नेऊन सोडीत. तेथे त्यांना खायला धान्य असे आणि माणसाचा पाय पडत नसे. आजच्या हिशेबी माणसाला ते हसण्यासारखे वाटते. आप्पाही तरुणपणी हसले होते.

श्रावणात कीटकाने आणखी दोनदा कात टाकली. दोन दिवस आधी त्याने खाणे सोडले, तसे आजी म्हणाली, "याचाही उपवास." हा काळ नाजूक असतो. भक्ष्य पेटीत ठेवू नये, कारण मोठे नाकतोडे किंवा रातकिडे मऊ झालेल्या कीटकालाच कुरतडू शकतात. पेटी हलवू नये. अंगावर फवारा मारू नये. नातीने केळ्याची साल काढली, जाळी घट्ट केली आणि दारावर चिठ्ठी लावली. पहाटे आप्पांनी ते पाहिले. बारदानाला लोंबलेला कीटक पाठीवर उकलला, इंच इंच खाली आला, रिकामे कातडे वर पायांनी पोत्याला धरून राहिले आणि तो त्याच्याखाली काही काळ निश्चल टांगून होता. मग वळून स्वतःच्याच रिकाम्या रूपावरून तो वर चढला. त्या दिवशी सामायिकाला उशीर झाला, आणि कारण विचारल्यावर आप्पांनी सांगितले नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचे विवेचन असते. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा अध्याय. नात आजीजवळ बसली होती. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार पंडितजींनी बोटांवर मोजले: बांधून वा कोंडून ठेवणे, मारणे, अवयव तोडणे, पेलणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. उदाहरणे बैलांची होती, घोड्यांची होती. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या आप्पांना त्यात बैल दिसला नाही. कोंडले तर पहिला दोष. कोंडून खायला दिले तर चिलटाचा जीव. कोंडून खायला दिले नाही तर पाचवा. जमाखर्च कसाही मांडला तरी बाकी शून्य होत नव्हती. हिशेबात एकच रक्कम अशी होती की जी मागे घेता येत होती.

घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. जेवणे दिवस मावळण्याआधी झाली. नंतर नातच म्हणाली, "आप्पा, जाळी काढायची का?"

"तुझी पेटी आहे. तू सांग."

"मी काढली तर तो जाईल."

"जाईल."

"बाहेर त्याला कावळा खाईल. पाल खाईल."

"तेही होईल," आप्पा म्हणाले. "आणि तो बाहेर चिलटं खाईलच. तो काही आपल्यासारखा नेम घेऊन जन्मलेला नाही."

ती रडली, फार नाही, पण रडली. वडिलांनी "आणखी महिनाभर राहू दे, मोठा होऊ दे" असे सुचविले, आणि खरे पाहता त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण दुसऱ्या दिवशी पाऊस मोठा होता. दोन दिवस थांबले. अनंत चतुर्दशीच्या सकाळी वडिलांनी आणि नातीने पेटी उचलून गच्चीत नेली, कढीपत्त्याच्या कुंडीला टेकवून पत्र्याच्या छपराखाली उभी केली आणि सुताराची चौकट स्क्रू काढून वेगळी केली. बारदान तसेच राहिले.

तो गेला नाही. दोन दिवस बारदानालाच लोंबून राहिला, जणू काहीच बदललेले नाही. तिसऱ्या दिवशी कढीपत्त्यावर दिसला. मग कधी झेंडूवर, कधी वाळत घातलेल्या टॉवेलवर. एकदा तो आप्पांच्या धोतरावर बसून जिन्यापर्यंत आला. याला हाताळताना वरून पकडू नये. समोर हात आडवा धरला की तो आपणहून चढतो आणि उंच बाजूकडे चालू लागतो. आप्पांनी हात धरला, तो खांद्यापर्यंत गेला, आणि आप्पा तसेच परत गच्चीत आले. नातीने कुंड्यांवरची फवारणी घरात बंद करविली. माव्यासाठी आजी आता पानांवर नुसते पाणी मारते आणि कुरकुरते. पंख फुटल्यानंतर तो दिसेनासा झाला. कोणाचा घास झाला की शेजारच्या आंब्यावर गेला, कळायला मार्ग नव्हता.

वखारीचा प्रश्न असा गच्चीत नेऊन सोडता येण्यासारखा नव्हता. दिवाळीनंतर आप्पांनी शीतगृहाच्या भाड्याची चौकशी केली. थंडीत भुंगेरा वाढत नाही, धुरीची गरज पडत नाही. मुलाने कागदावर आकडे मांडून दाखविले. सगळा माल ठेवला तर दलालीतले फारसे हाती उरत नव्हते. निम्मा माल ठेवून पाहावा, असे आप्पांचे मत. यंदाचा भाव पाहून ठरवू, असे मुलाचे. बोलणे तेथेच राहिले आहे. मात्र धुरी द्यायच्या आधी थप्पी झाडून, किडका माल वेगळा काढून उन्हात पसरायचा, असा नेम आप्पांनी दिवाणजींना घालून दिला. त्यात दोन हमालांचा एक दिवस जातो. दिवाणजी तो खर्च कोणत्या सदरात लिहायचा म्हणून अजून विचारतात.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गच्ची धुवायला माणूस आला. त्याने विचारले, ही काचेची पेटी आणि तिच्यातलं कुजकं पोतं टाकू का? आप्पा तिळगुळाच्या वड्या वाळत घालणाऱ्या आजीजवळ बसले होते. ते उठून गेले. बारदानाच्या आतल्या कोपऱ्यात, जेथे कात लोंबली होती त्याच्याच जवळ, सुपारीएवढा भुरकट फेस वाळून घट्ट चिकटला होता. म्हणजे ती मादी होती. किंवा ही दुसरीच कोणी, आषाढात कुंड्यांत सोडलेल्यांपैकी. नराशिवायही मादी असा कोश घालते, त्यातून बहुधा काही निघत नाही. आत जीव आहे की नाही, हे उन्हाळा सरेपर्यंत कळणार नव्हते.

"पेटी धुऊ नकोस," आप्पांनी त्या माणसाला सांगितले. "नुसती भोवतालची फरशी धू. पाणी हळू टाक."

मग त्यांनी खाली हाक मारून नातीला विचारले की वड्या चाखून झाल्या असतील तर एकदा वर येतेस का.